दारातला लिंब

मागच्या महिन्यात लोह्याला जाऊन आलो. घराचं वरचं बांधकाम चालू आहे. दारातला लिंब स्लॅबच्या आड येत होता, म्हणून तो पाडलाय. "पाडून टाका ना दादा," असं पुण्याहून फोनवर मीच म्हणालो होतो. तेही मीटिंग म्यूट करून! आजी मला काही बोलली नाही. तिची बाज आता भिंतीच्या सावलीला सरकलीय, एवढंच.

ओंडके सुताराकडे न्यायचे होते. एकेक उचलायला चौघं लागली. मनात आलं, एवढं वजन आलं कुठून? मातीतून म्हणावं, तर दारात खड्डा पडायला हवा होता की.. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट नावाच्या माणसानं कुंडीत विलोचं झाड पाच वर्षं नुसत्या पाण्यावर वाढवलं. झाड सत्तरेक किलोंनी वाढलं, माती मात्र काही ग्रॅमच घटली. त्याला वाटलं, सगळं पाण्यातूनच आलं. निम्मंच बरोबर! पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी वर पाठवलेलं पाणी घेतं, उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतं. पाण्यातून सुटलेला ऑक्सिजन आपल्याला. साखरेचं पुढे लाकूड. वाळलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं, म्हणजे हवेतलं.

गोची अशी, की हवा आत घ्यायला पानाला छिद्रं उघडावी लागतात आणि तिथूनच पाणी उडतं. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू! म्हणून पाणी तुटलं की झाड छिद्रं मिटून घेतं. डोक्यावर रणरणतं ऊन, आणि स्वयंपाक बंद.

२०१६ चा उन्हाळा आठवतोय? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. त्या उन्हाळ्यात आजी भांडी घासलेलं पाणी लिंबाला घालायची. मी नुकताच बारावीची परीक्षा देऊन बसलेला, शहाणा.

"आजी, त्याची मुळं लई खोल असतात. काही होत नाही त्याला."

"उपाशी हाय ते लेकरा."

ऊन हेच झाडाचं जेवण, मग भर उन्हात ते उपाशी कसं? हसलो होतो मी तेव्हा. बरोबर आजीच होती.

असो. लाकडाची चौकट होणार आहे, आजीच्याच खोलीला. एक तुकडा मी पुण्याला आणलाय, मॉनिटरखाली ठेवलाय. अजून ओला आहे. टेबलावर डाग पडलाय.