ऋतूच्या आरंभींची शर्यत
आमचे धाकटे चिरंजीव अमेरिकेंत मिनेसोटास असतात. यंदा त्यांनीं कॅलिफोर्नियांतील ओशनसाइडचें अर्ध्या पल्ल्याचें ट्रायथ्लॉन निवडलें. १.९ किलोमीटर पोहणें, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धांवणें. सारें एकामागून एक! ही शर्यत वसंताच्या आरंभीं भरते, आणि तोंवर त्यांच्याकडील तळीं बहुधा गोठलेलींच असतात. म्हणून पोहणें छपराखालच्या तलावांत, सायकल घरांतच एका जागीं फिरवावयाची.

बळ असें येतें खरें. परंतु पॅसिफिकच्या थंड पाण्याचा पहिला आंचका उबदार तलावांत कसा शिकावा? पहिलीं दोनतीन मिनिटें धडधाकट माणसाचाहि श्वास आवरत नाहीं. सूनबाईंना तीच धास्ती. आम्हीं म्हटलें, "गोवें निवड, तेथेंहि २०१९ सालीं अशी शर्यत सुरू झाली, पाणीहि कोंबट." उत्तर आलें, "अण्णा, ती पावसाळ्यानंतरची. मला हिंवाळा आळसांत घालवावयाचा नाहीं." मास्तरकी केलेल्या मनुष्यास हें खोडतां येईना.

अखेर ठरलें: चार दिवस आधीं जाऊन, रबरी पोशाख घालून, सोबतीसह किनाऱ्यालगत रोज थोडें पाण्यांत उतरावयाचें; श्वास ताळ्यावर येईतों हात मारावयाचा नाहीं. सूनबाईंनीं रुकार दिला. तिकिटें मात्र नातवासह तिघांचीं काढलीं.