नावडीचे शब्द

नावडत्या माणसाविषयीं इंग्रज ‘आय डोन्ट केअर फॉर हिम’ एवढेंच म्हणून मोकळा होतो. फ्रेंच माणूस म्हणतो, ‘त्याचा वासहि मला सोसत नाहीं’. आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर ‘तो चित्रांतसुद्धां पाहवत नाहीं!’ हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे; आपणहि नकोशा माणसाच्या वाऱ्यास उभे राहत नाहीं.

गंमत अशी कीं, इंग्रजांचे हे सौम्य शब्द पुष्कळसे फ्रेंचांच्याच घरचे. ‘अ‍ॅनॉय’ आणि फ्रेंच ‘आंन्वी’ तर सख्खे भाऊ. लॅटिनमधील द्वेषवाचक शब्दाच्या पोटीं दोघांचा जन्म. १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर इंग्रजींत गेलेला भाऊ नुसता त्रास देऊं लागला, घरीं राहिलेला कंटाळून बसला. द्वेष असाहि पातळ होतो! ‘हेट’, ‘लोद’ हे अस्सल इंग्रजी शब्द मात्र जुनी धार राखून आहेत.

माझ्या एका शेजाऱ्याविषयीं इंग्रजींत बोलतांना तो मला सुसह्य वाटतो. मराठींत त्याचें नांव निघालें कीं शिसारी येते. यांतली खरी भावना कोणती, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. तूर्त तो विषय मी इंग्रजींतच काढतों. घरांतून उत्तर मात्र मराठींत येतें.