हत्ती नंतर आले

आधी कळस मग पाया. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला ही म्हण जितक्या वेळा कानावर पडते तितकी गवंड्याच्या तोंडून कधी ऐकू येत नाही. त्याला तिची गरजच नसते, उलटं बांधायची सोयच नाही त्याच्याकडे. कागदावर मात्र सगळं चालतं. प्लॅनचा पत्ता नाही आणि पोरगं एलिव्हेशनला सावल्या देत बसलंय, असं दिसलं की कुणीतरी सर हे वाक्य टाकतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. हल्ली मीही टाकते. टाकून झालं की ते दिवसभर माझ्याच मागे लागतं.

माझ्या पहिल्या वर्षाच्या शीट्सची गुंडाळी अजून माळ्यावर आहे. गेटवे पेपरवर रॉटरिंगची शाई आणि रेघ चुकली तिथे अर्ध्या ब्लेडने खरवडल्याच्या पांढुरक्या खुणा. त्यांत दोन जातीची ड्रॉइंग्ज आहेत. एक, जुन्या वाड्याचं मेझर्ड ड्रॉइंग. टेप धरायची ती जोत्यापासूनच, त्यामुळे तिथे सगळं खालून वर गेलेलं, पायरीन् पायरी मोजलेली. दुसरी जात स्वतःच्या डिझाइनची. त्यांत छपराचं कौल न् कौल काढलंय, आणि खाली जमीन म्हणून एक जाड रेघ ओढलीय. दुसऱ्याचं घर मोजायचं ते पायापासून आणि आपलं मनात यायचं ते माथ्यापासून. यात वाईट काय, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आणि वेरूळला तर ही म्हण शब्दशः खरी करून ठेवलेली आहे.

सोळावं लेणं, कैलास. डोंगर वरून खाली उतरत कोरलेला. आधी कळस मग पाया, आणि तोही एका अखंड खडकात. त्याची एक गोष्ट कृष्ण याज्ञवल्कींच्या 'कथाकल्पतरू'त आहे. राजा आजारी पडतो. राणी नवस बोलते की राजा बरा झाला तर शंकराचं देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा होतो आणि पंचाईत होते, कारण शिखर म्हणजे सगळ्यात शेवटची गोष्ट. तेवढे महिने राणी जगणार कशी? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर म्हणतो, आठवड्यात शिखर दाखवतो. तो डोंगराच्या माथ्यावर चढतो आणि तिथूनच सुरुवात करतो. राणी शिखर बघते आणि जेवते.

गोष्ट प्रत्यक्ष देवळाहून सातेकशे वर्षांनी लहान आहे. देवळाचं श्रेय राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याला देतात, म्हणजे आठव्या शतकाचा उत्तरार्ध. तेव्हा इतिहास म्हणून ती कुणी घेऊ नये. पण मला राणीपेक्षा दुसऱ्या दिवशीच्या माणसांची काळजी वाटते. राणीचं पारणं फिटलं, आणि पाथरवटांपुढे मागच्या बाजूला जवळजवळ शंभर फूट खोल जाणारा खडक तसाच होता. ज्या कारणासाठी उलटं सुरू केलं ते कारण संपलं आणि उलटं काम मात्र उरलं. आता थांबता येत नाही, दिशा बदलता येत नाही. छिन्नीने उडवलेला कपचा परत बसत नाही, तिथे आमचं ब्लेड चालणार नाही. शिखराची उंची एकदा ठरली की अंगण किती खोल जाणार तेही तिथेच ठरलं.

स्टडी टूरला आम्ही बाजूच्या डोंगरावर चढून वरून स्केच करायला बसलो होतो. तिथून मंडपाचं छप्पर पायाखाली येतं. त्यावर मोठं कमळ आणि भोवती चालते चार सिंह. खाली अंगणात हिंडणाऱ्याला हे दिसतच नाही. त्या स्केचमध्ये मी सिंह बरे काढलेत. देवळाचा तळ त्यात नाही, कारण वरून तो दिसत नव्हता. संध्याकाळी खाली उतरलो तेव्हा जोत्यातले हत्ती दिसले, सगळं देऊळ पाठीवर पेलून उभे असलेले. मग उतरण्याच्या क्रमाने विचार केला तर ते हत्ती अगदी अखेरीला कोरलेले असणार. ज्यांच्या पाठीवर देऊळ आहे ते देवळाच्या नंतर आले. तोवर भार कुणी पेलला? डोंगरानेच, हे उघड आहे. तरी हे उत्तर मला पुरत नाही.

इथे म्हणीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. कोकस, किंवा जो कोणी होता तो, रिकाम्या डोक्याने डोंगरावर चढलेला नव्हता. कैलासाची ठेवण बरीचशी पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरासारखी आहे. ते चालुक्य राणी लोकमहादेवीने 740 च्या सुमारास बांधवलं, नवऱ्याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. त्याचा सूत्रधार गुंड, त्याचं नाव तिथल्या शिलालेखात आहे. आणि त्या देवळापुढे नमुना होता कांचीच्याच कैलासनाथाचा. जिंकलं त्यांचंच देऊळ मनात भरलं! म्हणजे वेरूळला कळस आधी करता आला, कारण कांचीला आणि पट्टदकलला कुणीतरी रीतसर दगडावर दगड ठेवत पाया आधी घातला होता. पहिल्या वर्षाचं पोर छप्पर आधी काढतं तेही कुठेतरी पाहिलेलंच असतं. बहुधा आजोळचं.

ते पाहिलेलं पुढे टाकून द्यायचं की ठेवायचं? कोर्बुझिएने टाकलं. स्वित्झर्लंडमधल्या आपल्या घड्याळवाल्यांच्या गावी तो घड्याळांच्या डब्यांवर नक्षी कोरायला शिकत होता. गुरूच्या सांगण्यावरून डोंगरातल्या फरवृक्षांची चित्रं काढत होता. विशी उलटायच्या आत पहिलं घर त्याच्या वाट्याला आलं आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर तेच वृक्ष भूमितीत बसवून आले. पुढे स्वतःच्या समग्र कामाचे खंड निघाले तेव्हा त्याने हे घर त्यात घेतलंच नाही. त्याचेच शिष्य बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, 1947 साली जे. जे.त दाखल झालेले. त्यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत दुसरं टोक गाठलं. 6,500 च्या आसपास घरांची ती आखणी. त्यात सगळ्यात गरिबांना जोतं आणि संडास-मोरीचा गाभा दिला आणि वरचं ज्याचं त्याने करायचं ठेवलं. पाया आर्किटेक्टचा, कळस राहणाऱ्याचा. मला हे फार पटतं. पण शिखरासाठी उपाशी बसलेल्या माणसाला नुसतं जोतं दाखवून कसं चालेल, तेही समजत नाही.

वडोद्याला मिळालेला एक राष्ट्रकूट ताम्रपट आहे, 812-13 चा. त्यात म्हटलंय की वेरूळचं हे देऊळ पाहून देवही चकित झाले, आणि ते घडवणाऱ्या स्थपतीलाही आपण हे कसं केलं याचं नवल वाटलं, पुन्हा असं जमेल याची त्याला खात्री वाटेना. ताम्रपट राजाचे गोडवे गाण्यासाठीच असतात, तेव्हा त्या नवलातही राजस्तुती असणारच. तरी माझा त्यावर थोडा विश्वास बसतो. आमच्या ज्यूरीत आधी विचारतात, कॉन्सेप्ट काय, इथपर्यंत आलास कसा? हा गृहस्थ म्हणाला असता, ठाऊक नाही. शेजारचे परीक्षक म्हण ऐकवून मोकळे झाले असते. मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. एरवी अशा वेळी मी मार्कांच्या रकान्यात मधलाच एक आकडा टाकते आणि पुढच्या मुलाला बोलावते.