एका थरथरीची खरेदी

साठी उलटलेल्या माणसाने दुकानात जाऊन काय मागावे, याविषयी आपल्या समाजाच्या काही ठाम कल्पना आहेत. गुडघ्याचा पट्टा मागावा, कानटोपी मागावी, फार तर नातवासाठी सायकल मागावी. मी परवा एका वाद्यांच्या दुकानात जाऊन गिटारसाठी ट्रेमोलोचे पेडल मागितले, तेव्हा काउंटरमागच्या मुलाने माझ्या पाठीमागे कोणी तरुण उभा आहे की काय, ते आधी पाहून घेतले. कोणी नव्हते. मग त्याने अत्यंत आदराने विचारले, “काका, कोणासाठी?”

“मामासाठी,” मी म्हणालो. त्यावर तो बिचारा काय बोलणार!

पेडल म्हणजे पानाच्या डब्याएवढी एक पत्र्याची पेटी. ती जमिनीवर ठेवायची, एका बाजूने गिटारची वायर आत घालायची, दुसऱ्या बाजूने ॲम्प्लिफायरकडे न्यायची, आणि वाजवता वाजवता पायाने कळ दाबायची. कळ दाबली की सरळ येणारा सूर थरथरू लागतो. सेकंदाला चार-पाच वेळा तो लहान होतो, मोठा होतो. एवढेच तिचे काम. एवढ्यासाठी माणसे हजारो रुपये मोजतात, आणि मोजूनही रात्रभर तळमळतात, की आपण घेतली ती थरथर खरी की खोटी?

ज्यांना गिटारचे वावडे असेल त्यांनी आपली बाजाची पेटी आठवावी. पेटीच्या दर्शनी फळीवर ज्या खुंट्या असतात, त्यांतली एक ओढली की आत एक हलके झापड हवेवर फडफडू लागते आणि सुराला कंप सुटतो. आमच्या आजीच्या पेटीला ती खुंटी होती. भजन ऐन रंगात आले की आजी ती ओढी आणि आम्हां मुलांना उगाचच रडू येई. मात्र हा कंप आणि आपल्या गवयांचे आंदोलन यांची गल्लत करू नये. दरबारीतला गंधार हलतो तो आपल्या जागेवरून हलतो. ट्रेमोलोत सूर जागचा हलत नाही. कमीजास्त होतो तो त्याचा जोर. सूर जागचा हलला तर त्याला व्हायब्रॅटो म्हणायचे. हा भेद पाश्चात्त्य संगीताच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतो. पण इलेक्ट्रिक गिटारच्या जगात तो उलटासुलटा होऊन बसला आहे, आणि त्याचे बरेचसे श्रेय लिओ फेंडर यांच्याकडे जाते. 1954 साली त्यांची स्ट्रॅटोकास्टर गिटार बाजारात आली. तिच्या ज्या दांडीने सूर जागचा हलतो, तिला त्यांनी नाव दिले ट्रेमोलो. आणि ॲम्प्लिफायरवरच्या ज्या सोयीने नुसता जोर हलतो, तिच्यावर पुढे छापले व्हायब्रॅटो! जगभरच्या गिटारवाल्यांनी दोन्ही नावे मुकाट्याने मान्य केली.

पण मला या गृहस्थांविषयी राग नाही, उलट ममत्व आहे. कारण हा मनुष्य मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. 1938 साली त्याने आपले दुकान थाटले. गिटार त्याला वाजवता येत नव्हती. लोक बिघडलेली यंत्रे घेऊन येत, हा ती उघडून बसे. आमचा मामाही हुबेहूब असाच. लॅमिंग्टन रोडच्या आतल्या एका गल्लीत तो रेडिओ दुरुस्त करी. त्यालाही गिटार येत नव्हती. अजून येत नाही.

त्याच्या हातून ॲम्प्लिफायर झाला तो असा. गोव्याचा एक खलाशी बोटीवरून तपकिरी रंगाचा एक फेंडर घेऊन आला होता. तो मुंबईत जळला आणि दुरुस्तीला मामाकडे आला. परदेशी माल मिळण्याची मारामार असलेला तो काळ. मामाने तो फेंडर तीन दिवस ठेवून घेतला. दुरुस्ती पहिल्याच दिवशी झाली होती. उरलेले दोन दिवस त्याने आतली प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते एका चौकड्याच्या वहीत उतरवून काढले. मग सागवानी फळ्यांचे खोके, जुन्या बाजारातला स्पीकर, कोणाच्या तरी मोडक्या रेडिओग्राममधला ट्रान्सफॉर्मर असे जमवत जमवत वर्षभराने त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर उभा राहिला. त्याला ट्रेमोलो होता. गिरगावातल्या गणेशोत्सवांत आमच्या आळीचा ऑर्केस्ट्रा वाजे, तेव्हा गिटारवाल्याच्या मागे हे खोके असे आणि खोक्याच्या मागे मी. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मला मंचावर बसण्याची परवानगी एवढ्याचसाठी होती, की खोके तापून धूर येऊ लागला तर मामाला हाक मारायची.

मी आत डोकावून बसत असे. संथ गाणे लागले, गिटारवाल्याने कळ दाबली, की आतला उजेड सुराबरोबर उघडझाप करी. तो उजेड मी आयुष्यभर विसरलो नाही. निदान माझी तशी समजूत होती.

आता खरेदीचा प्रश्न का आला, ते सांगितले पाहिजे. मामा आता शहाऐंशी वर्षांचा आहे, डोंबिवलीला असतो. गेल्या पावसाळ्यात तो पडला. अंथरुणावर असताना एके दिवशी म्हणाला, “तो डबा असता तर ऐकला असता रे एकदा.” तो डबा 26 जुलै 2005 च्या पुरात गेला, असे आमच्या घराण्यात सर्वमान्य आहे. कलिन्याला आमची तळमजल्यावरची जागा होती. त्या दिवशी पाणी खांद्याला लागले, कपाटे तरंगली, आणि त्यांच्याबरोबर मामाचा ॲम्प्लिफायरही गेला.

तो पुरात गेला नव्हता. तो त्याच्या आदल्या वर्षी मी भंगारवाल्याला दिला होता. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला जागा हवी होती. खोक्यात उंदरांनी बाळंतपणे उरकली होती. भंगारवाला दारातच उभा होता. मामाला सांगू सांगू म्हणता वर्ष गेले. मग पूर आला. इतकी तयार, इतकी बिनचूक सबब मनुष्याला जन्मात एकदाच मिळते. मी ती घेतली.

तेव्हा पेडल आणायचे ठरवले, आणि या विषयात माणूस किती खोल जाऊ शकतो ते मला कळून चुकले. थरथर एक नसते. अगदी पहिली स्वतंत्र पेटी निघाली ती 1940 च्या दशकात, डीआर्मंड नावाची. तिच्यात मोटर होती, आणि ती मोटर वीजवाहक द्रवाने भरलेली एक काचेची कुपी हलवत असे. द्रव हिंदकळून संपर्काला लागला की आवाज थोडा जमिनीत जाई, परतला की पुन्हा वर येई. बो डिडली यांची 1955 सालची ती प्रसिद्ध थरथर या हिंदकळण्यातून निघालेली आहे. त्याच साली फेंडर यांचा ट्रेमोलक्स आला आणि थरथर ॲम्प्लिफायरच्याच पोटात गेली.

पोटातल्या थरथरीचेही तीन प्रकार. एका प्रकारात शेवटच्या शक्तिशाली व्हॉल्व्हांचा बायस हलवतात. व्हॉल्व्हच्या जाळीवर जो उणा दाब राखलेला असतो तो बायस. तो वाढला की व्हॉल्व्ह आखडतो, कमी झाला की मोकळा होतो. म्हणजे व्हॉल्व्ह स्वतःच श्वास घेतो म्हणाना. ही थरथर गोल असते, कडा नसलेली. दुसरा प्रकार 1960 च्या आसपासच्या काही मोठ्या तपकिरी फेंडरांतला. त्यात सुराचे खर्जाचे अंग आणि वरचे अंग वेगळे करतात आणि एक वर गेले की दुसरे खाली, असे आळीपाळीने झुलवतात. ऐकताना पाण्यावरचा उजेड हलल्यासारखे वाटते. तिसरा प्रकार 1963 नंतरच्या काळ्या तोंडाच्या फेंडरांतला. त्यात एका काळ्या वेष्टनात एक निऑनचा इवलासा दिवा आणि त्याला चिकटून एक प्रकाशाने बदलणारा रोध असतो. दिवा लागला की रोध कोसळतो, आवाज दबतो; दिवा विझला की रोध सावकाश पूर्वपदावर येतो. ही थरथर जरा चिरफाळलेली, ठाशीव. (1984 साली इंग्लंडच्या द स्मिथ्स या मंडळींनी ‘हाऊ सून इज नाऊ?’ या गाण्यासाठी असे चार ट्विन रिव्हर्ब मांडले, आणि चौघांची थरथर एकतालात राहावी म्हणून वेगाच्या खुंट्या हातांनी सांभाळल्या. ताल सुटला की टेप मागे. अशा वेडेपणाबद्दल मला आदर आहे.)

माझी निवड झटक्यात झाली. मी दिवा डोळ्यांनी पाहिला होता. तांबूस, उघडझाप करणारा दिवा. म्हणजे तिसरा प्रकार. मी दिव्याचे पेडल घेतले, पुतण्याची गिटार उचलली, त्याचा छोटा ॲम्प्लिफायर काखेत मारला आणि डोंबिवलीची गाडी पकडली.

मामा उशीला टेकून बसला होता. मी दोन-तीन सोपे स्वरसमूह वाजवले. त्याने डोळे मिटले, उघडले.

“हा माझा नव्हे.”

“का?”

“जोरात मार. हां. आता हात काढ, सूर मरू दे.” मी तसे केले. “बघ, जोरात मारलास तरी थरथर तेवढीच, सूर मरताना तेवढीच. हा दिवा आहे. माझ्या डब्यात जोराचा आघात थरथरीला झाकून टाकायचा, आणि सूर मरायला लागला की मग ती हळूच वर यायची.”

“पण मामा, दिवा होता. मी बघितलाय. लाल दिवा.”

“लाल?” मामा हसू लागला. “अरे, निळा होता तो! आणि दिवा कसला, व्हॉल्व्हच तो. सिक्स-व्ही-सिक्सच्या काचेवर आतून निळी झळाळी येते. करंट वाढला की वाढते, घटला की घटते. बायस हलायचा म्हणून ती हलायची. लाल दिवा पुढे होता, चालू-बंदचा. तो कधी हलला नाही.”

मी गप्प बसलो. ज्या आठवणीच्या जोरावर एवढे पैसे मोजले, तिचा रंगसुद्धा माझ्यापाशी धड नव्हता. घरी येताना गाडीत डोळे मिटून पाहिले, तर खरोखरच तो उजेड निळा दिसू लागला. आता तो मला आठवत होता की मामाने सांगितला म्हणून दिसत होता, देव जाणे.

दुसऱ्या खेपेला पुतण्याच्या मित्राकडून एक दिवसाच्या बोलीने स्ट्रायमन कंपनीचे फ्लिंट मागून नेले. हे 2012 साली निघालेले यंत्र. त्याच्या पोटात व्हॉल्व्ह नाही, दिवा नाही, काही हलत नाही. एक गणित करणारी चकती आहे. पण वर एक खटका आहे, आणि त्याला 61, 63, 65 अशी सालवार तीन घरे आहेत: पहिले आळीपाळीच्या थरथरीचे, दुसरे व्हॉल्व्हचे, तिसरे दिव्याचे. साल निवडावे आणि वाजवावे. मला हा प्रकार काहीसा अगोचर वाटला होता. मामाला काहीच वाटले नाही. “गणितच असते ते,” म्हणाला, “मी कंडेन्सर लावून करत होतो, हे आकडे लावून करतात. वाजव.”

मी त्याला खटका दाखवला नाही. 65 वाजवले, त्याने मान हलवली. 61 वाजवले, “छान आहे, कोणाचे आहे?” म्हणाला. 63 वाजवले. तो काही बोलला नाही. मी वाजवत राहिलो. त्याचा हात पांघरुणावर होता, त्याची बोटे हवेतच एक खुंटी फिरवल्यासारखी वळली. मी वेग कमी केला. बोटे पुन्हा वळली. आणखी कमी केला. मग बोटे थांबली.

“जवळ आहे,” तो बऱ्याच वेळाने म्हणाला. “तो नाही. पण जवळ आहे.”

मामी चहा घेऊन आली. तिला काही तरी झाल्यासारखे वाटले असावे. ती कप ठेवून परत गेली.

“कितीला हे?” मामाने विचारले. मी सांगितले. अर्धे सांगितले, त्याच्या वयाला पूर्ण आकडा सोसला नसता. तरी त्याने कपाळाला हात लावला. चहाचा एक घोट घेतला. बशी खाली ठेवली.

“आणि माझा कितीला दिलास?”

बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली. मी ॲम्प्लिफायरकडे पाहत राहिलो.

“तीनशेला,” मी म्हणालो.

“तीनशे!” मामा उठून बसला. “गाढवा, नुसत्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये तेवढ्याचे तांबे होते.” आणि मग उशीला टेकत म्हणाला, “ते तिसरे वाजव पुन्हा. वेगाला हात लावू नकोस.”