बंब, गीझर आणि झिणझिण्या

मंडळी, ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या गीझरने राम म्हटला. टाकी खालून गळायला लागली. वीस-बावीस वर्षं राबला बिचारा.

ठाण्याला चाळीत होतो तेव्हा सासूबाईंचा तांब्याचा बंब होता. चार करवंट्या घातल्या की घरादाराच्या आंघोळी. १९८४ साली डोंबिवलीला ब्लॉक घेतला आणि बंब माळ्यावर गेला. असो.

घोडबंदर रोडला राहणारा मुलगा म्हणाला, "आई, आता पाइपचा गॅस आलाय, गॅस गीझर घे." मी साफ नाही म्हटलं. आमच्या बाथरूमला वीतभर झरोका. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना रंग ना वास. बंब निदान डोळ्यांत धूर घालून सावध तरी करायचा! शेवटी विजेचाच ठरला, १५ लिटरचा, २ किलोवॅटचा. २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर जायला १८-२० मिनिटं. आम्हां दोघांना पुष्कळ.

इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला आणि गप्पच झाला. "काकू, याला अर्थिंगच नाहीये. तार आत तुटलीय. नवीन गीझर मी असा जोडणार नाही."

मी कधीपासून सांगत होते की ओल्या हाताने नळ धरला की झिणझिण्या येतात. आमचे हे म्हणायचे, "तुझा मणक्याचा त्रास आहे तो." आणि गेल्या दिवाळीत त्याच नळाखाली पाच वर्षांच्या नातवाला अभ्यंगस्नान घातलं होतं मी. त्या रात्री झोप लागली नाही.

मग मीटरपासून तांब्याची नवी जाड वायर आली, अर्थिंग झालं, वेगळा एमसीबी बसला, शिवाय ३० मिलिअँपची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी. लोखंडी पाइप आतून गंजून करंगळीएवढे उरले होते, तेही सीपीव्हीसीचे केले. गीझरपेक्षा या सगळ्याचाच खर्च जास्त. दोन दिवस घरभर सिमेंटची धूळ, फराळाचे डबे चादरीखाली.

काम झाल्यावर हे गुपचूप बाथरूममध्ये गेले. दार उघडंच होतं. हात ओला करून नळ धरला, थोडा वेळ तसेच उभे राहिले. बाहेर येऊन मला म्हणाले, "बस तू, चहा मी टाकतो."