आईचे गुडघे आणि सालईचा डिंक

बोदवडच्या आमच्या घरात दिवेलागणीला धूप जळे तो सालईचा. सातपुड्यातून येणाऱ्या त्या पिवळसर डिंकाचे दोन खडे निखाऱ्यावर टाकले की ओसरीपासून परसापर्यंत असा काही धूर कोंडे की डास आणि आम्ही मुले एकाच वेळी घराबाहेर पडत असू. त्या डिंकाचा गुडघ्यांशीही काही संबंध असतो, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. आईला होते.

आईने आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. बोदवडला पाण्याची टंचाई पाचवीलाच पुजलेली. उभा जन्म तिने हंडे वाहिले आणि त्याचा हिशेब आता गुडघे मागत आहेत. चार वर्षांपूर्वी मी पुण्याहून गेलो होतो तेव्हा तिने डबीतून एक कॅप्सूल काढून मला दाखवली. म्हणाली, "सालईची आहे. तिला शल्लकी म्हणतात."

मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चालले असते. पण मी पडलो विज्ञानाचा पदवीधर! "डिंकाने गुडघे बरे होत असते तर सातपुड्यातली म्हातारी माणसे उड्या मारीत चालली असती," असे काहीतरी बोलून गेलो. आईने डबी मिटली आणि ती चहा टाकायला उठली. उठताना ती कण्हली असेल. माझे लक्ष नव्हते.

त्यानंतर गुडघ्यांचा विषय तिने माझ्यापाशी काढला नाही. मला वाटले, दुखणे कमी झाले असावे. मुलांना असे वाटून घेणे फार सोयीचे असते.

गेल्या वर्षी हिवाळ्यात भरताच्या वांग्यांचा मोह धरून गेलो, तर आई चक्क तुरूतुरू चालत दार उघडायला आली! मी खूश झालो. पण तिचा चेहरा पाहून चरकलो. तो गोल, फुगीर, ओळखू न येण्यासारखा झाला होता. धाकट्या बहिणीने मला परसात नेऊन खरे काय ते सांगितले. बाजाराच्या दिवशी एक फिरता औषधवाला येई. त्याच्याकडच्या तपकिरी पुड्या आई सात महिने घेत होती. पुडीवर नाव नाही, गाव नाही. गुण मात्र तिसऱ्या दिवशी!

जळगावला डॉक्टरांना दाखवले. रक्तातली साखर भलतीच चढली होती. डॉक्टरांनी पुडी बोटांवर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "जडीबुटी तीन दिवसांत असा चमत्कार करीत नाही. यात स्टेरॉइड कालवलेले असणार." ते एकदम तोडताही येत नाही. इतके दिवस बाहेरून मिळाल्यामुळे शरीर स्वतःचे बनवायचे विसरलेले असते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते. ती उतरली तशी आईची वेदना दुपटीने परत आली.

"मला का नाही सांगितलेस?" मी विचारले.

"तुले सांगून काय रे? तू हसला असता."

यावर मला उत्तर नव्हते.

साखर आणि रक्तदाब पाहता वेदनाशामक गोळ्यांचा रोजचा मारा डॉक्टरांना नको होता. शल्लकी घेऊन पाहायला त्यांची हरकत नव्हती. मग मी चार वर्षांपूर्वी जे करायला हवे होते ते केले : हसण्याऐवजी वाचले.

हे झाड मला वाटले होते तेवढे उपरे नाही. आयुर्वेदात त्याला गजभक्ष्या असेही नाव आहे, कारण हत्ती ते आवडीने खातात. भुसावळहून खंडव्याकडे जाताना लागणाऱ्या नेपानगरला १९५० च्या दशकात देशातला पहिला वृत्तपत्री कागद निघू लागला, तो याच सालईच्या आणि बांबूच्या लगद्यातून. म्हणजे ज्या वर्तमानपत्रांवर माझ्या वडिलांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांत काही अंशी सालईच होती! त्यातल्या बॉस्वेलिक आम्लांमुळे शरीरात सूज निर्माण करणाऱ्या एका विकराचे काम मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

पण प्रयोगशाळेतली नळी म्हणजे आईचा गुडघा नव्हे. गुडघ्यांवरची चाचणी आमच्या शेजारच्या विदर्भातच झालेली निघाली. नागपूरच्या संशोधकांनी २००३ साली ती प्रसिद्ध केली. गुडघे झिजलेली ३० माणसे घेतली. १५ जणांना सालईचा अर्क, १५ जणांना तशीच दिसणारी पोकळ कॅप्सूल. कोणाला काय मिळते हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. आठ आठवड्यांनी, मध्ये काही खंड ठेवून, दोन्ही गटांची अदलाबदल. सालई घेताना वेदना कमी झाली, गुडघा जास्त वाकू लागला, जास्त अंतर चालवू लागले. क्ष-किरणाच्या चित्रात मात्र काडीचा फरक नाही! झिजलेले झिजलेलेच राहिले. हे वाक्य त्यांनी लपवले नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

३० माणसे म्हणजे फार थोडी. आमच्याकडच्या लग्नात एका पंगतीला याहून जास्त बसतात. २००७ साली नागपूरहूनच आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. ६६ माणसे, सहा महिने, समोर वाल्डेकॉक्सिब नावाची ॲलोपॅथिक गोळी. गोळीचा गुण लवकर आला आणि ती बंद करताच गेला. सालईचा सावकाश आला, पण औषध थांबवल्यावर महिनाभर टिकला. अर्थात इथे कोण काय घेतो हे सर्वांना माहीत होते, तेव्हा मी या चाचणीचे वजन थोडे कमी धरतो. (ती गोळी अमेरिकेत २००५ सालीच बाजारातून काढून घ्यावी लागली होती, ही गोष्ट निराळी.) पुढे २०१४ साली कोक्रेनच्या आढाव्यात ८५ माणसांच्या दोन चाचण्या एकत्र धरल्या. वेदना १०० गुणांत मोजली, तर सालईच्या खास अर्काने ती ९० दिवसांत पोकळ गोळीपेक्षा सुमारे १७ गुणांनी कमी भरली.

१७ गुण! शाळेत एवढ्यावर कोणी पास करीत नाही. पण ज्याला रात्री कूस बदलताना जाग येते, त्याला विचारावे.

हे सगळे मी आईला ओसरीवर बसून समजावून सांगितले. धुपाचा खडा नव्हे, मोजून मापून काढलेला अर्क घ्यायचा. नाव-पत्ता छापलेल्या कंपनीचा. आणि आठ आठवडे वाट पाहायची. ती लक्ष देऊन ऐकत होती. तिला सर्वांत जास्त आवडली ती पोकळ कॅप्सूलची गोष्ट.

"त्या बिचाऱ्यांना माहीतच नाही?"

"नाही."

"मंग त्यातले काही जण बरं वाटलं म्हणाले असतील ना?"

"म्हणतात. म्हणून तर तशी चाचणी घ्यायची."

त्या दिवसापासून ती कॅलेंडरावर पेन्सिलीने फुल्या मारू लागली. आठ आठवडे भरले तेव्हा मी मुद्दाम गेलो. ती भिंतीला धरून, सावकाश, पण कण्हल्याशिवाय उठली. या वेळी मी कान देऊन ऐकत होतो.

"कसं काय?" मी विचारले.

"पायऱ्या चढताना कमी दुखते. उतरताना तेवढंच." मग डबीतल्या उरलेल्या कॅप्सूल मोजत ती म्हणाली, "पुढच्या खेपेला दोन महिन्यांच्या पोकळ आणून दे. पण मले सांगू नको."