साडेतीन लाखांत स्वयंपाकघर

स्वयंपाकघराच्या कामासाठी साडेतीन लाख रुपये, हा आकडा आम्ही कुठल्याही शोरूमची पायरी चढण्याआधी ठरवला. मुदत ठेव मोडायची नाही, सोनं गहाण ठेवायचं नाही आणि नवा हप्ता मागे लावून घ्यायचा नाही, एवढं धरून जे उरत होतं ते साडेतीन. आमची कोथरूडमधली इमारत 1993 सालची. दहा बाय आठचं स्वयंपाकघर, एका भिंतीला सरळ ओटा, सिंकखाली लहानशी मोरी. रंग सोडला तर तीस वर्षांत त्याला कशाचाही हात लागलेला नव्हता. 2023 ची दिवाळी झाली की काम काढायचं ठरलं.

आकडा ठरल्यावर पहिलं काम केलं ते निरीक्षणाचं. मी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोघींनी स्वयंपाक करता करता एका वहीत लिहायला सुरुवात केली: कशासाठी वाकावं लागतं, कशासाठी स्टूल ओढावं लागतं, कुठे गरम भांडं घेऊन वळावं लागतं. पिठाचा डबा खाली कोपऱ्यात, रोज ओढून काढायचा. भरलेला कुकर सिंकपासून गॅसपर्यंत नेताना मध्ये फ्रिजचं दार आडवं येतं. कणीक मळताना आईंचे खांदे कानांपर्यंत चढतात. हे शेवटचं मी इतकी वर्षं बघत होते, पण लिहिल्यावर ते नीट दिसलं. त्यांचा उजवा खांदा वर्षानुवर्षं दुखतो, आणि त्यांची उंची आहे चार फूट दहा इंच. ओटा तेहेतीस इंचांचा होता.

मग दरपत्रकं मागवली. एका मॉड्युलर कंपनीने सव्वापाच लाख सांगितले, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सहा लाख वीस हजारांच्या घरात. त्यात जुना ओटा फोडणं, नळकाम, टाइल्स, वायरिंग यांतलं काहीच नव्हतं. तो विचार तिथेच सोडला. नंतर आले सुतार, आणि इथे मला खरी मेहनत करावी लागली. एकाने रनिंग फुटाला साडेसात हजार भाव दिला, दुसऱ्याने चौरस फुटाला सोळाशे. नवा ओटा इंग्रजी एलच्या आकाराचा, लांबी सोळा फूट. पहिल्याचे झाले एक लाख वीस हजार. दुसऱ्याचं माप दारांच्या दर्शनी भागाचं, सोळा गुणिले अडीच, चाळीस चौरस फूट, म्हणजे चौसष्ट हजार. ह्यांना वाटलं, निम्म्यात काम होतंय. मी त्या दुसऱ्या सुताराला एकेक गोष्ट विचारत गेले. ट्रॉल्या? वेगळ्या. चॅनेल, बिजागऱ्या, हँडल? वेगळी. ती सगळी धरली की एक लाख पाच हजार. शिवाय त्याचं प्लाय होतं आयएस 303 चं, आणि पहिल्याचं आयएस 710, म्हणजे मरीन. स्वयंपाकघरात, तेही सिंकच्या शेजारी, हा फरक पंधरा हजारांपेक्षा मोठा आहे. म्हणून मी सांगते, सगळ्यांना एकच नकाशा द्या, आणि भाव कशावर धरलाय, त्यात काय नाही, हे कागदावर मागून घ्या. आपलं बजेट मात्र सांगू नका.

काम पहिल्या सुताराला दिलं, पण सामान आमचं आणि मजुरी त्याची, असं ठरवून. प्लाय आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं. प्रत्येक शीटवर आयएसआयचं चिन्ह आणि त्याखाली परवान्याचा क्रमांक असतो. तो बीआयएस केअर नावाच्या ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. दुकानदारासमोरच तपासलं. त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

वहीत शेवटी जे उतरलं ते असं. तोडफोड, नळ, वॉटरप्रूफिंग, टाइल्स आणि गवंडीकाम एक लाख दहा हजार, ओट्याचा दगड पस्तीस, सुतारकाम एक लाख दहा, वायरिंग वीस, शेगडी आणि चिमणी पस्तीस. बेरीज तीन लाख दहा. राहिलेले चाळीस हजार कशालाही नाव न देता बाजूला ठेवले. ह्यांना ते चाळीस वरच्या कपाटांच्या चकचकीत ॲक्रिलिक दारांना लावायचे होते. "अगं, रोज बघायचं असतं ना ते," ते म्हणाले. मी हटले नाही. भिंत फोडल्याशिवाय भिंतीत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही, आणि तीस वर्षांच्या इमारतीत तर नाहीच.

टाइल्स निघाल्या तेव्हा आतले जीआयचे पाइप ठिकठिकाणी गंजून पातळ झालेले निघाले. मिस्त्रींनी पान्याने हलकं ठोकलं तर पापुद्रे हातात आले. सिंकपुरता पाइप बदलून भागलं असतं, पण मग जुन्या-नव्याचा जोड भिंतीच्या आत राहिला असता. आम्ही बाल्कनीपर्यंतची सगळी लाइन बदलून घेतली, गरम पाण्याला सीपीव्हीसी, गार पाण्याला यूपीव्हीसी. बावीस हजार गेले. ते बाजूच्या चाळिसातून गेले, म्हणून त्या रात्री घरात कुणाचंही तोंड उतरलं नाही.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर मोरीच्या जागेत दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन त्यांचं छत बघितलं. कोरडं होतं. ते बघितल्याशिवाय टाइल बसवू द्यायची नाही, हे मी मिस्त्रींना आधीच सांगून ठेवलं होतं. वायरिंगमध्येही तडजोड केली नाही. ओव्हनसाठी चार स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी, दोन्ही बुधवार पेठेतून आणले. घरगुती गॅसचा पाइप हलवायला मात्र गॅस कंपनीच्या अधिकृत माणसांनाच बोलवावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

ओट्याच्या उंचीवरून मात्र वाद झाला. काम करायची जागा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावी, आणि जिथे जोर लावायचा, म्हणजे मळायचं, लाटायचं, तिथे आणखी थोडी खाली, हे मी एका वास्तुरचनाकार मैत्रिणीकडून शिकले. मी पाच फूट पाच. माझ्या कोपराला चौतीस इंच बरे, आईंना एकतीस. सरासरी काढली असती तर दोघींचीही गैरसोय झाली असती. म्हणून एलची लांब बाजू, गॅस आणि सिंकची, चौतीसची केली, आणि आखूड सहा फुटांची बाजू एकतीसची. मिस्त्री म्हणाले, "ताई, पायरी पडेल, दगडाला सांधा येईल, दिसायला बरं नाही." सुतार म्हणाला, दोन मापांच्या ट्रॉल्या लागतील. सहा हजार जास्त पडणार होते. आई स्वतःच म्हणाल्या, "माझ्यासाठी कशाला खर्च, माझी किती वर्षं राहिली?" तेव्हा ह्यांनीच मिस्त्रींना सांगितलं, एकतीस म्हणजे एकतीस. ज्या बाईने या ओट्यावर तीस वर्षं घरासाठी पोळ्या लाटल्या, तिच्या खांद्यासाठी सहा हजार रुपये हिशोबात बसत नसतील तर तो हिशोब मला मान्य नाही.

ते सहा हजार आले कडाप्प्यातून. हल्ली ओट्याखालचे खणही प्लायचे करतात. आम्ही जुन्या पद्धतीने ओटा कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांवर उभा केला आणि सुताराकडून फक्त चौकटी, दारं आणि ट्रॉल्या करून घेतल्या. ट्रॉलीचे चॅनेल बसवायला कडाप्प्याला लाकडी पट्ट्या मारल्या. कडाप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. प्लायच्या नऊ शीटांऐवजी चार पुरल्या. चार हजारांची एक शीट, म्हणजे वीस हजार वाचले, आणि कडाप्पा तीन हजारांच्या आत आला. ओट्यावर मात्र कडाप्पा घातला नाही. तो चुनखडीच्या जातीचा दगड, लिंबू-चिंचेने त्यावर डाग पडतात. वर काळा ग्रॅनाइट घातला. कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या दुकानात जाऊन स्लॅब स्वतः निवडला. तिथे एक गोष्ट आधी विचारावी: माप आपल्या ओट्याचं धरणार की अख्ख्या स्लॅबचं? बत्तीस चौरस फुटांच्या ओट्याला आम्हाला चाळीस फुटांचे पैसे पडले. धारेची गोलाई आणि सिंकसाठीचं कटिंग वेगळं. हे सगळं पस्तीस हजारांत आधीच धरलेलं होतं.

दोन खर्च बहुतेकांच्या यादीत नसतात. एक राडारोडा. सोसायटीची लिफ्ट त्यासाठी वापरता येत नाही, म्हणून गोणी भरून जिन्याने खाली, मग टेम्पो. सात हजार. दुसरा जेवणाचा. बाल्कनीत इंडक्शनवर चहा, भात एवढं व्हायचं, बाकी डबा. तो महिन्याच्या घरखर्चातून काढला, पण आधी मोजून.

सुताराचे शेवटचे दहा हजार महिनाभर वापर झाल्यावर द्यायचे, असं सुरुवातीलाच लिहून घेतलं होतं. रिकाम्या ट्रॉल्या सगळ्याच छान सरकतात. डाळी-तांदूळ भरल्यावर दोन दारं खाली आली. त्याने येऊन ती सारखी केली आणि त्याच दिवशी पैसे घेऊन गेला.

बाजूला ठेवलेल्या चाळिसातले आठ हजार उरले. वरची कपाटं केली नाहीत, भिंतीवर जुनी स्टीलची मांडणीच आहे. कपाटांसाठी साठ हजार लागतील म्हणून बँकेत महिना तीन हजारांची रिकरिंग सुरू केली. आईंचं म्हणणं वेगळं आहे. मांडणी हाताशी येते, ती राहू दे, त्या पैशांत बाथरूममधल्या घसरड्या टाइल्स बदला आणि धरायला एक दांडा लावा. आम्ही त्या टाइल्सचे भाव काढायला लागलो आहोत.